क्रियापदापर्यंतचा दम

चाळिशी ओलांडलेला माणूस धावायला लागतो तेव्हा त्यामागे बहुधा एक कागद असतो. कागद पॅथॉलॉजी लॅबचा असतो. त्यातले दोन-तीन आकडे ठळक छापलेले असतात आणि त्यांच्यापुढे वर जाणारा बाण असतो. तोवर असा बाण त्याने फक्त सोसायटीच्या मेंटेनन्समध्ये पाहिलेला असतो. डॉक्टर चष्म्यावरून बघत विचारतात, "व्यायाम काय करता?" आणि हा माणूस "तसं चालणं होतं" हे आपल्याकडचं सर्वांत लोकप्रिय उत्तर देतो. डॉक्टरांनी ते सकाळपासून अनेकदा ऐकलेलं असल्यामुळे ते लिहूनही घेत नाहीत.

कागद नसेल तर फोटो असतो. शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका रविवारी तो येऊन पडतो. पी.टी.च्या तासाला पोट दुखतंय म्हणून झाडाखाली बसणारा वर्गमित्र त्यात गळ्यात पदक घालून, दोन बोटं वर करून उभा असतो. कोलेस्टेरॉलला जे जमत नाही ते हा फोटो करून दाखवतो. आपण आजारी पडू ही भीती माणूस वर्षानुवर्षं पचवतो. झाडाखालचा आपल्या पुढे गेला, हे मात्र त्याला पचत नाही.

मी ठाण्यात राहतो. या जमातीचं निरीक्षण करायला ठाण्याइतकं सोयीचं गाव नाही. भल्या पहाटे कचराळी तलावाभोवती, उपवनच्या काठाने आणि येऊरच्या चढावर ती विपुल सापडते. मीही त्याच जमातीतला, तेव्हा निरीक्षणात थोडा पक्षपात डोकावला तर समजून घ्यावं.

ठाणेकराचं आणि धावण्याचं नातं मुळातच तुटक आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून पहिली आगगाडी ठाण्याला आली. अंतर ३४ किलोमीटर. त्या दिवसापासून लांब जाण्यासाठी स्वतःचे पाय वापरायचं ठाणेकराला काही कारण उरलं नाही. मॅरेथॉन असते ४२.१९५ किलोमीटरची, म्हणजे बोरीबंदर गाठून वर आणखी आठ. एवढं अंतर लोक पैसे भरून, रात्रीची झोप मोडून, पायांनी कापतात हे ऐकल्यावर आमच्या इमारतीतल्या एका आजोबांनी "गाड्या बंद असतात का त्या दिवशी?" असं अगदी मनापासून विचारलं होतं.

निर्णय झाला की दुसऱ्या दिवशी धावणं येत नाही, खरेदी येते. बूट येतात. घरी त्यांची किंमत सांगताना एक आकडा गाळायची पद्धत आहे. मग घड्याळ येतं, जे पावलं मोजतं, झोप मोजतं आणि मालक चिडला की तेही मोजून त्यालाच दाखवतं. मग येतो तो टी-शर्ट, ज्यातून घाम म्हणे उडून जातो. पावसाळ्यातल्या ठाण्याच्या हवेत आधीच इतकं पाणी असतं, की घामाने उडून जायचं कुठे हा प्रश्न त्या टी-शर्टलाही पडत असावा. घाम उडाला नाही की अंग थंड होत नाही, अंग थंड करायला हृदयाला जादा काम पडतं आणि तेवढ्याच वेगाला ठोके जास्त पडतात. नवशिक्याला हे ठाऊक नसतं. त्याला वाटतं आपलं वय झालं. निम्म्या वेळा गुन्हेगार वय नसून ऑगस्ट महिना असतो.

खरेदी संपल्यावर नाइलाजाने धावायचा दिवस उगवतो. इथे आपल्या पिढीची एक मोठी अडचण उघडी पडते. शाळा सुटल्यापासून या माणसाने एकाच प्रकारचं धावणं केलेलं असतं, आणि ते म्हणजे सुटलेली लोकल पकडणं. पाठीवरची सॅक पोटावर, नजर दरवाज्यावर आणि सगळा जीव पायांत. त्या कलेत तो पारंगत असतो. कचराळीलाही तो त्याच वेगाने सुटतो. पण लोकलचं धावणं पंधरा सेकंदांत संपतं आणि शेवटी हाताला दांडा लागतो. तलावाभोवती दांडा नाही. पंधरा सेकंदांनंतरही तलाव तसाच पुढे पसरलेला असतो आणि रक्तातला प्राणवायू मागणीला पुरेनासा होतो. पिंडऱ्या भरून येतात, बरगडीखाली कळ येते आणि आपल्याला फुप्फुसं दोन आहेत याची स्पष्ट जाणीव होते, कारण दोन्ही स्वतंत्रपणे तक्रार करत असतात.

यानंतर माणूस थांबतो. पण थांबल्यासारखं दिसू न देता थांबतो आणि ही खरी बघण्यासारखी कला आहे. कुणाची नाडी सुटते. कचराळीच्या एका फेरीत बुटांच्या जेवढ्या नाड्या सुटतात, तेवढ्या बुटांच्या दुकानातही सुटत नसतील. कुणाला अचानक फोन येतो. पहाटे पावणेसहाला, आवाज न होता. कुणी झाडाला दोन्ही हात लावून पाय मागे ताणतो आणि आपण थांबलो नसून स्ट्रेचिंग करतो आहोत असं झाडाला पटवून देतो. एक गृहस्थ तर कठड्याशी उभे राहून तलावाकडे अत्यंत चिंतनशील नजरेने बघतात. दम परत आला की चिंतन संपतं.

हे सगळं कुणासाठी चाललेलं असतं? तर बघणाऱ्यांसाठी. आणि बघणारे म्हणजे कोण? पाठीमागून सुती साडी, पांढरे कॅनव्हासचे बूट आणि कानटोपी अशा थाटात चालत येणाऱ्या दोन आजी. सूनबाईंनी कुकरचं काय केलं याची सविस्तर चर्चा करत त्या आपल्या धावपटूला मागे टाकतात. चालत. चर्चेत खंड न पडू देता. त्यांना पुढे जाऊ देणं हाच या विद्येतला पहिला धडा आहे. तो न शिकलेला माणूस त्यांना गाठायला वेग वाढवतो आणि पुढच्या वळणावर त्याची पुन्हा नाडी सुटते.

त्या आजींना जे येतं ते क्रीडाशास्त्रातही आहे. व्यायाम करताना बोलता आलं पाहिजे. पूर्ण वाक्य बोलता येत नसेल तर वेग जास्त आहे. या साध्या कसोटीवर डॉक्टर आणि प्रशिक्षक दोघेही विश्वास ठेवतात. मराठी माणसाला ही कसोटी जरा कडक जाते, कारण आपलं क्रियापद शेवटी येतं. "काल गोखले रोडवर तुमच्या मेहुण्यांना एका बाईंबरोबर..." इथे दम संपला तर एक संसार उगाच धोक्यात येतो. म्हणून नवशिक्याने वेग असा ठेवावा, की श्वास क्रियापदापर्यंत पुरला पाहिजे. मेहुणे त्या बाईंबरोबर बँकेच्या रांगेत उभे होते, एवढं सांगून झाल्याखेरीज पाऊल जोरात टाकू नये.

ज्यांचा बोलण्यावर विश्वास नाही ते घड्याळावर ठेवतात. जुनं सूत्र सांगतं, की २२०मधून वय वजा केलं की हृदयाच्या ठोक्यांची कमाल मर्यादा मिळते. सत्तेचाळिशीच्या माणसाला १७३. पुढे २००१मध्ये दुसरं सूत्र आलं: २०८मधून वयाचे सत्तर टक्के वजा करा. त्याने त्याच माणसाला १७५ मिळतात. दोन्ही सरासरीचे अंदाज आहेत. प्रत्यक्षात माणसामाणसात दहा-दहा ठोक्यांचा फरक सहज पडतो. तरीही दोन ठोके वाढवून मिळाले म्हणून दुसऱ्या सूत्राची बाजू घेणारे लोक आमच्याकडे आहेत. त्यांचा आनंद बघून हिशेब मांडणाऱ्याचं मन भरून येतं.

खरा प्रश्न दम कसा वाढवायचा हा नाही. त्याचं उत्तर केव्हाच सापडलेलं आहे. १९९६मध्ये जोश क्लार्क नावाच्या अमेरिकन तरुणाने आपल्या पन्नाशीतल्या आईला सोफ्यावरून उठवायला नऊ आठवड्यांचा आराखडा बनवला. 'काउच टू ५के' या नावाने तो जगभर गेला. सुरुवात किती असावी? पाच मिनिटं भरभर चालायचं. मग एक मिनिट धावायचं, दीड मिनिट चालायचं. असं वीस मिनिटं, आठवड्यातून तीनदा. एक मिनिट वाढत वाढत नवव्या आठवड्यात अर्धा तास होतो. ती आई अमेरिकन होती म्हणून बरं. आपल्याकडे मुलाने पन्नाशीतल्या आईपुढे असा कागद ठेवला असता, तर "आधी ते ताट उचल," हा त्यावरचा पहिला आणि शेवटचा शेरा असता.

जेफ गॅलोवे याने तर त्याच्याही आधी हे सांगितलं होतं. गडी साधासुधा नव्हे. १९७२च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये दहा हजार मीटर धावलेला. त्याने सत्तरच्या दशकातच नवशिक्यांना शिकवायला सुरुवात केली आणि धावता धावता मुद्दाम, ठरवून, दम लागायच्या आधीच चालायला लावलं. पण आपल्याकडे मधेच चालणं म्हणजे नापास होणं. ऑलिंपिकला गेलेला माणूस चाला म्हणतो आणि पंचपाखाडीतला माणूस म्हणतो, छे, लोक काय म्हणतील!

शरीराचं म्हणणं लोकांच्या म्हणण्यापेक्षा बरंच सौम्य असतं. तिशीनंतर बसून राहणाऱ्या माणसाची प्राणवायू वापरण्याची क्षमता दर दहा वर्षांनी साधारण दहा टक्क्यांनी उतरते; पण हलवलं की ती पुन्हा काही प्रमाणात वर सरकते, आणि शरीर त्यासाठी जन्मदाखला मागत नाही. पहिल्या एक-दोन आठवड्यांत रक्तातला द्रवाचा भाग वाढतो. मग हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलू लागतं. स्नायूंत बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं दाट होतं आणि पेशींतली ऊर्जा तयार करणारी केंद्रं वाढतात. दोनेक महिन्यांत माणसाला वाटू लागतं, की आपण चुकून बँकेत लागलो. नेमक्या याच वेळी टाच धरते किंवा नडगी ठणकू लागते. कारण दम वाढला तरी कंडरा आणि हाडं सावकाश मजबूत होतात, महिन्या-महिन्यांच्या हिशेबाने. कंडरांचं काम आमच्या सोसायटीच्या पुनर्विकासासारखं आहे: काम चालू आहे असं सगळे सांगतात, आणि घाई केली की ते तिथेच अडून बसतं. म्हणून दोन धावण्यांच्या मधला विश्रांतीचा दिवस हा आळस नसतो. बांधकाम त्याच दिवशी होतं.

आता गुडघे. मध्यमवयात कुणीही धावू लागला, की त्याच्या गुडघ्यांचं पालकत्व सगळा परिसर घेतो. दूधवाला, लिफ्टमधल्या काकू, साडूंचे वडील, आणि ज्यांनी आयुष्यात बस सुटली तरी पाय उचलला नाही असे सर्व लोक एकच वाक्य बोलतात: "गुडघे जातील हं!" हे वाक्य बहुतेक वेळा बसून उच्चारलेलं असतं. २०१७मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून एक आढावा प्रसिद्ध झाला. त्यात गुडघ्याच्या आणि खुब्याच्या सांध्यांची झीज हौशी धावणाऱ्यांत साधारण ३.५ टक्के, बसून राहणाऱ्यांत १०.२ टक्के आणि स्पर्धांसाठी धावणाऱ्यांत १३.३ टक्के आढळली. तेव्हा राष्ट्रीय विक्रमाचा बेत नसेल तर फार घाबरू नये. हे आकडे मी लिफ्टमधल्या काकूंना ऐकवले. त्या शांतपणे म्हणाल्या, "ते तिकडचे गुडघे."

पुरुषांचं बरं असतं. त्यांना फक्त लाज टाकायची असते. बायकांना धावण्याआधी वेळ शोधावा लागतो. आमच्या इमारतीतली एक गृहिणी डबे भरून, कणीक मळून, दूध तापवून मग उपवनला जाते, आणि तिला परतायला दहा मिनिटं उशीर झाला तर घरातल्या तीन सशक्त माणसांना चहा कुठे असतो हे माहीत नसतं. जगानेही या बाबतीत फार घाई केलेली नाही. बायकांना एवढं अंतर झेपणार नाही या समजुतीपायी ऑलिंपिकमध्ये महिलांची मॅरेथॉन यायला १९८४ साल उजाडावं लागलं. आणि आपल्याकडे बारामतीच्या लता करे यांनी साठी ओलांडल्यावर, नवऱ्याच्या उपचारांसाठी पैसे हवेत म्हणून, नऊवारी साडीत अनवाणी धावून ज्येष्ठांची शर्यत जिंकली. पुढे त्यांच्यावर 'लता भगवान करे' हा चित्रपट निघाला, त्यात त्यांनी स्वतःचीच भूमिका केली. बुटाच्या तळव्यात फोम कोणता असावा यावर आमच्या ग्रुपमध्ये वाद पेटला, की कुणीतरी हे नाव घेतं आणि वाद तेवढ्यापुरता मिटतो.

आता उशीर झाला, असं म्हणणाऱ्यांसाठी फौजासिंग होते. पंजाबातून इंग्लंडला गेलेले हे आजोबा ऐंशीच्या पुढे धावू लागले, २०००मध्ये ८९व्या वर्षी लंडन मॅरेथॉन धावले आणि २०११मध्ये शंभराव्या वर्षी टोरांटोची मॅरेथॉन पूर्ण केली. पण गिनीज बुकाने त्यांचा विक्रम नोंदवला नाही, कारण जन्माचा दाखला नव्हता. ४२ किलोमीटर पार केले तरी शेवटी कागद अपुरे. तहसील कार्यालयात कधीतरी गेलेल्या माणसाला हे ऐकून धक्का बसणार नाही.

एव्हाना आपला धावपटू एखाद्या ग्रुपमध्ये दाखल झालेला असतो. ग्रुपमध्ये आधी भाषा बदलते. वेगाला पेस म्हणायचं, स्वतःच्याच जुन्या वेळेपेक्षा चार सेकंद कमी लागले तर पीबी झाली म्हणायचं आणि स्पर्धेच्या आदल्या रात्री भात जास्त खाल्ला तर कार्ब लोडिंग. भात तेवढाच खाल्लेला असतो, पण आता त्याला हेतू असतो. रविवारी लाँग रन होतो आणि लाँग रनचा शेवट मिसळीवर होतो. ७५ किलोच्या माणसाचे पाच किलोमीटरमध्ये साधारण पावणेचारशे कॅलरी खर्च होतात. तळलेला फरसाण, तर्री, जादा पाव आणि वर चहा यांचा हिशेब मांडायला बसलं, तर बहुतेक सदस्य रविवारी घरातून न निघता वजन जास्त कमी करू शकले असते. म्हणून मिसळीच्या टेबलावर घड्याळ काढून खिशात ठेवायचा संकेत आहे.

आणि मग एक दिवस स्पर्धा येते. मुंबई मॅरेथॉन २००४पासून भरते, सहसा जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी. ४२ किलोमीटरवाल्यांकडे बघायला माझी मान पुरत नाही. मी लहान अंतरवाल्यांविषयी बोलतो. छातीवर चार सेफ्टी पिनांनी क्रमांक टाचलेला असतो आणि त्यावर स्वतःचं नाव छापलेलं. रस्त्याच्या कडेला माणसं उभी असतात. कुणी संत्र्याच्या फोडी धरलेल्या, कुणी बिस्किटं. ती छातीवरचं नाव वाचून मोठ्याने हाक मारतात. ज्याचं नाव ऑफिसात वर्षानुवर्षं ईमेलमध्ये चुकीचं लिहिलं जातं, घरी ज्याला फक्त गॅस सिलिंडर आल्यावर हाक मारली जाते, त्याला अनोळखी माणूस नाव घेऊन 'शाब्बास' म्हणतो. त्याने वेग वाढत नाही, पण नाडी सुटायची थांबते. शेवटी सगळ्यांनाच पदक मिळतं, आणि सगळ्यांना मिळतं म्हणून त्याची किंमत कमी होत नाही, हे परतीच्या लोकलमध्ये कळतं. डब्यातली निम्मी माणसं पदक शर्टाच्या बाहेर काढून बसलेली असतात आणि दुसऱ्याचं बघून कुणीही आपलं आत घेत नाही.

माझं मत विचाराल तर या वयात दमाची फारशी टंचाई नसते. तो शरीर आठवड्या-आठवड्याने पुरवतं, तक्रार न करता. साठा लाजेचा जास्त झालेला असतो. चारचौघांत हळू धावणं, मधेच चालणं, आजींना रस्ता देणं आणि तरी परवा पुन्हा येणं, एवढं जमलं की लोक त्यालाच आत्मविश्वास म्हणतात. जोरात धावायला तारुण्य लागतं. हळू धावायला वय लागतं, आणि ते आपल्याकडे भरपूर आहे.

तेव्हा वाचकहो, रक्तदाब असेल, साखर असेल, छातीत कधी दुखलं असेल तर आधी डॉक्टरांना भेटा, आणि त्यांना खरं उत्तर द्या. मग एक मिनिट धावा, दीड मिनिट चाला. बघणाऱ्यांची काळजी करू नका. आठ दिवसांत त्यांना तुमचा कंटाळा येतो आणि ते पुन्हा आपापल्या सुनांकडे वळतात. त्यानंतरही तुम्ही तिथे दिसलात, तर तुम्ही धावपटू आहात.